म्हशीच्या आंबोणातलं मीठ

पौड, ता. मुळशी
रविवार, दि. ७ सप्टेंबर १९८६

प्रिय बीबीजान,

सलाम. इकडे अम्मा, रहिमत आणि मी खुशाल आहोत. तू आणि पोटातलं बाळ सुखात असावं, एवढंच रोज मागतो. तुझ्या आईवडिलांना माझा सलाम सांग.

तुझं पत्र परवा मिळालं. अक्षर नेहमीसारखं सुरेख आहे, पण 'पिशवी' एकदा ऱ्हस्व लिहिली आहेस आणि एकदा दीर्घ. पहिली बरोबर. सातवी पास बायकोला पाचवीत शाळा सोडलेल्या नवऱ्यानं हे सांगू नये, पण दुकानाच्या पाट्या लिहून लिहून नजर तशी झाली आहे.

त्या पिशवीतल्या मिठाचं काय झालं, ते वाचून मी दुकानात एकटाच हसलो. मालक हैबतराव म्हणाले, "काय रं, लॉटरी लागली का?"

"न्हाई मालक. मी धाडलेलं मीठ सासूबाईंनी म्हशीच्या आंबोणात घातलं."

"मंग बरोबरच हाय की. म्हस गाभण असंल."

"हायेच."

ते तराजू सोडून हसत बसले. म्हैस आता फार हुशार झाली, तुझ्याकडे बघून नाव घेऊन हाक मारू लागली, तर मला कळव.

घरी आल्यावर पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा हसू आलं नाही. तुझ्या आईंचं बोलणं तू जसंच्या तसं लिहिलं आहेस: "जावयानं मीठ धाडलंय का औषिद? आयोडीन म्हंजी खरचटल्यावर लावत्यात ते तांबडं. पोटुशी बाईनं ते खायाचं? आन् त्यात पोरं बंद व्हायचं कायबाय कालवलं असंल तर? आमी खडंमीठ धुऊन खाल्लं. पाच पोरं झाली, पाची शानी हायेत."

त्यांचं चुकत नाही. मी नुसतं 'हे मीठ चांगलं असतं' असं लिहिलं होतं. पिशवीवर 'आयोडीन' छापलेलं होतं, पण ते कशाला, ते मी लिहिलं नव्हतं. दुसरी पिशवी या पत्राबरोबर एस.टी.च्या कंडक्टरकडे देतो आहे. हे मीठ धुवायचं नाही, कारण त्यातलं आयोडीन पाण्याबरोबर जातं. दमट झालं म्हणून तव्यावर भाजायचंही नाही. झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब ठेव आणि कालवण उतरवताना घाल. जखमेचं औषध वेगळं, ते कधीही पोटात घ्यायचं नाही. मिठात आयोडीन अगदी कणभर असतं, पण ते रोज लागतं. मुलं बंद व्हायचं त्यात काही नाही. ती शंका मलाही होती, म्हणून दवाखान्यात तीनदा विचारलं. डॉक्टरबाई तिसऱ्यांदा जरा चिडल्या.

इथून पुढचं आधी मनात वाच.

पहिली पिशवी धाडण्याआधी मी दवाखान्यात गेलो, ते मिठासाठी नव्हे. अम्माच्या खोकल्यासाठी गेलो होतो. बाईंनी तिचा पदर बाजूला केला आणि गळ्याची गाठ बघितली. म्हणाल्या, "ही किती वर्षांची?" अम्मा म्हणाली, "लई जुनी. ह्यो पोटात हुता तवापास्नं." मग बाईंनी मला विचारलं, "तुमच्या घरात कुणी मुकं-बहिरं, किंवा बुद्धीनं मागे राहिलेलं आहे का?"

मी म्हणालो, "नाही."

बीबीजान, मला विचारसुद्धा करावा लागला नाही. तुला बघायला तुझी माणसं आली तेव्हा रहिमतला खालाकडे ठेवलं होतं. निकाहाच्या दिवशीही. तुझ्या आई संक्रांतीनंतर आल्या, तेव्हा ती दिवसभर शेजारी गोजराबाईंच्या घरात होती. एकोणीस वर्षांची माझी बहीण, आणि 'नाही' हा शब्द माझ्या तोंडात तयारच होता. तू घरात आल्यावर तिला पाहिलंस, पहिल्याच आठवड्यात तिचे केस विंचरायला घेतलेस आणि माहेरी अवाक्षर काढलं नाहीस. त्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. तू गेल्यापासून ती फणी घेऊन उंबऱ्यावर बसते, अम्माला हात लावू देत नाही.

स्टँडपर्यंत आलो. अम्माला बाकावर बसवून परत गेलो आणि बाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, बाळाचा मेंदू घडायला आईच्या अंगात आयोडीन लागतं, अगदी पहिल्या महिन्यांपासून. फार कमी पडलं तर मूल बहिरं, मंद होऊ शकतं. रहिमतचं त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण अम्माचा गळा बघता शक्य आहे. मी विचारलं, "माझ्या रक्तात आहे का ते?" म्हणाल्या, "रक्ताचं राहू द्या. बायकोच्या जेवणात काय आहे ते बघा. पाचवा महिना आहे ना? अजून बाळ घडतंय."

घरी येताना अम्माला सगळं समजावलं. अब्बा नेहमी म्हणायचे, तिनं ग्रहणात विळी धरली म्हणून पोर अशी झाली. तिनं गळ्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "मंजी माज्या हातानं न्हवतं झालं?" मी म्हणालो, "नाही गं." एसटीत सगळ्यांसमोर रडली.

हे सगळं कळल्याशिवाय तुझ्या आई मीठ बदलणार नाहीत. पाच शहाणी पोरं झालेल्या बाईला भीती कशाची ते कसं कळणार? म्हणून आता हे पत्र पहिल्यापासून त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. आम्ही फसवलं असं म्हणतील. फसवलंच आहे. तुझे वडील रागावले तर मध्ये पडू नकोस, पण त्या दिवसापासून तुझ्या ताटात हेच मीठ हवं. बाकी मला काय बोलायचं ते बोलू देत.

येत्या शुक्रवारी दुपारच्या गाडीनं अम्मा, मी आणि रहिमत मुळशीला तुझ्या माहेरी येतो आहोत. दारात कुणी विचारलं, ही कोण, तर तू उत्तर देऊ नकोस. ते मला द्यायचं आहे.

रहिमतचा भाऊ आणि तुझा,
अलाउद्दीन