दोन बोटं बाहेर

७ जुलै, रोहा
पत्र आलं एकदाचं. आशियाई ज्युनियर बॅडमिंटन स्पर्धा, पुणे, लाइन जज म्हणून दहा दिवस. आधी सांघिक, मग लगेच वैयक्तिक. चार वर्षं परीक्षा, जिल्हा, राज्य असं घासत बसले होते, आता कुठे नंबर लागला.
मुख्याध्यापिका बाईंना दाखवलं. "म्हणजे तुम्ही खेळायला नाही ना जाणार?" नाही बाई, खुर्चीत बसायला जाणार. "मग एवढी रजा कशाला?" शेवटी सही केली, पण खेळाच्या तासाची सगळी रजिस्टरं पुरी करून जा म्हणाल्या. ह्यांची सेकंड शिफ्ट, त्यामुळे आनंद सांगायला घरात कुणी नाही.
दादाला जोह्याला फोन लावला. पहिलं वाक्य हे: "जुलैत? सुषे, मंग डोळं कोण आखनार गो?"
अभिनंदन वगैरे काही नाही.

११ जुलै, जोहे
सकाळच्या गाडीने पेण, तिथून एसटी. माहेरच्या कारखान्यात गणपतींच्या डोळ्यांची आखणी माझ्याकडे, लग्नाआधीपासून. भुवई, पापणी, बुबुळ. एका खेपेच्या सगळ्या मूर्तींना एकच हात लागावा असं बाबा सांगायचे, नाहीतर शेजारी शेजारी ठेवल्या की नजर वेगवेगळी दिसते. दिवसभरात सत्तर केले. मान धरली. रंग वाळत नाही, हॅलोजन लावून बसलो तर उकाड्याने जीव नकोसा.
आखणी चालू असताना आमच्याकडे कुणी बोलत नाही. वहिनी आज बोलली. "वन्सं, त्या खुर्चीत बसून तुम्ही नक्की करता काय?" म्हटलं, एक रेषा बघते. शटल आत पडलं की बाहेर, तेवढं सांगायचं. "म्हंजे हितं पण रेषा नि थितं पण रेषाच." आणि हसत सुटली.
राग आला. पण खोटं काय बोलली ती?

१४ जुलै, पुणे
टी-शर्ट दोन साइझ मोठा मिळाला. बदलून मिळणार नाही.
मीटिंगमध्ये परत तेच सगळं. बाहेर असेल तर दोन्ही हात पसरून मोठ्याने "आऊट". आत असेल तर न बोलता उजवा हात रेषेकडे. आणि दिसलंच नाही तर दोन्ही हातांनी डोळे झाकायचे. मग पंचांनाही दिसलेलं नसेल तर तो पॉइंट परत खेळवतात. आमचे प्रमुख म्हणाले, डोळे झाकण्यात कमीपणा नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. चार वर्षांत मी एकदाही झाकलेले नाहीत, आणि शेजारच्या बाईंना हे मी मुद्दाम सांगितलं.
एक फॉर्म भरायचा होता. कुणी खेळाडू नात्यातला, विद्यार्थी किंवा ओळखीचा असेल तर नाव लिहा. रकाना कोरा ठेवला.
केतकी आहे भारताच्या टीममध्ये. मूळची पेणची, पण वडील रोह्याला कंपनीत होते तेव्हा पाचवी ते सातवी माझ्या शाळेत होती. रॅकेट धरायला मी शिकवलं. मग ते परत पेणला गेले, ती इथे पुण्यात अकादमीत. सहा वर्षं झाली. नाव लिहिलं असतं तर मला तिच्या कोर्टावर बसवलं नसतं, आणि मला तर तिथेच बसायचं होतं. हे फक्त या वहीत.

१६ जुलै, पुणे
दोन दिवसांत अकरा मॅचेस केल्या, एकही बघितली नाही. लोकांना वाटतं काय नशीब, कोर्टाला चिकटून खुर्ची. माझ्या वाट्याला पांढऱ्या पट्टीचा एक तुकडा. हॉल ओरडतो तेव्हा काय झालं ते नंतर चहाच्या टेबलावर दुसऱ्यांकडून कळतं. कंबर गेली. जेवणात रोज तेच पनीर.
केतकी लांबून दिसली. किती उंच झालीय. हात केला तर तिने टीममधल्या कुणाला तरी काहीतरी सांगितलं आणि तिकडूनच वाकून नमस्कार केला. बरं वाटलं. उद्या उपांत्यपूर्व.

१७ जुलै
आज लिहायचं नव्हतं.
लढत दोन-दोन. शेवटची मॅच केतकीची. कोर्ट तीन, म्हणजे रिव्ह्यूची सोय नाही. मी समोरच्या मुलीच्या बाजूची साइडलाइन. तिसरा गेम, २०–१९, केतकी पुढे. एक पॉइंट आणि टीम उपांत्य फेरीत.
तिने उडी घेतली आणि मी वर बघितलं.
लहानपणी तिचा डावा पाय उडीच्या आधी घसटायचा. दोन वर्षं मी त्या पायामागे लागले होते. तो अजून घसटतो का, एवढंच बघितलं. नाही घसटत. छान उचलते आता. आणि तेवढ्यात शटल माझ्या रेषेपाशी पडलेलं होतं. पडताना मी बघितलं नाही.
हात पसरले. "आऊट." आवाज चांगला खणखणीत आला.
डोळे झाकायचे होते. झाकले असते तर पॉइंट परत खेळवला असता. आऊटच का दिलं? आपल्या मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून, बहुतेक. की डोळे झाकायची लाज वाटली म्हणून. ठरवता येत नाही. पंचांनी माझ्याकडे बघितलं आणि मान्य केलं.
पुढचे दोन पॉइंटही गेले. २०–२२. टीम बाहेर.

१८ जुलै
फोन थांबत नाहीत. अख्ख्या जोह्याने मॅच मोबाइलवर बघितली. दादा: "तुला आपलीच पोर गावली काय गो आऊट द्यायला?" वहिनी मागून: "आऊट होतां तं काय करतील त्या?" दादा: "आत होतां. माला दिसलां." दादाला चष्म्याशिवाय समोरची एसटी दिसत नाही.
ह्यांचं वेगळंच. "बरोबर केलंस. नियम तो नियम. मला अभिमान वाटला." त्यापेक्षा दादाच्या शिव्या परवडल्या.
नाश्त्याला केतकी स्वतःहून आली. डोळे सुजलेले. पाया पडली. मला वाटलं आता विचारेल, बाई, खरंच आऊट होतं का? तर तसं नाही. "बाई, किती बाहेर होतं? सरांना सांगायचंय. माझा तो स्मॅश नेहमी रेषेवर बसतो, कुठे चुकला ते कळत नाही."
तिने शंकासुद्धा घेतली नाही.
मी बोटं वर करून दाखवली. दोन. "एवढं."
कुठून आली ही दोन बोटं? एक दाखवलं असतं तर वाईट वाटलं असतं, चार दाखवली असती तर खोटं वाटलं असतं. इतका हिशोब मी एका क्षणात केला. तिने माझ्या बोटांकडे नीट बघितलं, आपल्या बोटांवर माप घेतलं, थँक्यू बाई म्हणाली आणि गेली.

२० जुलै
एकेरी सुरू. केतकी पहिली फेरी जिंकली. मी दुसऱ्या कोर्टावर होते. माझी रेषा एकदम ठीक, एकही चूक नाही. आता काय उपयोग.

२१ जुलै
दुपारी ड्युटी नव्हती. वर बसून केतकीची दुसरी फेरी बघितली. इथे आल्यापासून पहिल्यांदा पूर्ण मॅच बघायला मिळाली, आणि बघवली नाही.
स्मॅश आत. सगळे आत. दोन बोटं नाही, चांगला हातभर आत. समोरची मुलगी उभ्या उभ्या परतवत होती. दोन गेममध्ये संपलं.
खाली गेले. बॅग आवरत होती. म्हणाली, "बाई, दोन बोटं आत आणायला गेले आणि सगळंच आत आलं. हात ऐकेना." आणि हसली वर. मी तिची पाण्याची बाटली उचलून दिली. तेवढंच केलं.

२२ जुलै
प्रमुखांकडे गेले. सांगितलं, सतरा तारखेचा तो कॉल, मला दिसलं नव्हतं. फॉर्मचंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. फॉर्मचं ऐकून तोंड कडू झालं त्यांचं, लेखी द्या म्हणाले. मॅचचं म्हणाल तर निकालावर सह्या झाल्या, तो बदलत नाही. मग विचारलं, "मॅडम, हे तुम्ही मला का सांगताय? त्या मुलीला सांगितलंत?"
चिडून बाहेर आले. त्यांच्यावर कशाला चिडले मी?
लेखी दिलं. उद्यापासून ड्युटी नाही. बॅग भरली. अकादमीत जाऊन भेटावं म्हणून निघाले, रिक्षात बसले, आणि रिक्षावाल्याला स्टेशन सांगितलं.

२५ जुलै, रोहा
ह्यांनी तो व्हिडिओ टीव्हीवर लावला. थांबवून थांबवून. "बघ, इथे पडतंय. छे, दिसत नाही. तुझं बरोबरच असणार." ते शटल शोधत होते. मी मला शोधलं. कोपऱ्यात, मोठ्या टी-शर्टात. हनुवटी वर. सगळ्यांच्या माना रेषेकडे आणि माझी एकटीची हनुवटी वर.
ह्यांना नाही दिसलं. मी टीव्ही बंद केला तर म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेतेस?"

२ ऑगस्ट, जोहे
मी नव्हते तेव्हा वहिनीने तीस मूर्ती आखल्या. नजर सरळ सरळ वेगळी. गिऱ्हाइकांनी त्या आधी उचलल्या, वर कौतुक करून गेले. वीस वर्षं मान मोडून मी एकसारखी नजर करतेय ती कुणासाठी? वहिनी म्हणाली, "माझ्या गणपतीला झोप आलीय, लोकान्ला तसाच आवडतो." हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.
मग केतकीच्या वडिलांचा फोन. दर वर्षी त्यांची घरची मूर्ती दादाकडूनच जाते. ती तशी सांगून झाल्यावर म्हणाले, "केतकी लय मेहनत घेते बाई. सरांनी कोर्टावर रेषेच्या आत दोन बोटांवर खडूची दुसरी रेषा मारून दिलीय. बाईंनी माप दिलंय म्हणते. आता पुढल्या महिन्यात परत निवड हाय ना."
हो म्हटलं. हो, हो. फोन ठेवला आणि ब्रश धुवून टाकला. माझ्या खोट्याची त्यांनी रेषा आखली आहे आणि ती पोरगी रोज त्यावर मारतेय. तिचा आधीचा स्मॅश चुकीचा होता की बरोबर, मला माहीत नाही. जगात कुणालाच माहीत नाही. पण तिला वाटतं मला माहीत आहे.

५ ऑगस्ट, रोहा
तीनदा मेसेज टाइप केला. तीनदा पुसला. चौथ्यांदा चुकून "बेटा" एवढंच गेलं. तिचं उत्तर: "बोला ना बाई." मी लिहिलं, सराव कसा चाललाय. स्वतःचीच शिसारी आली.

१३ ऑगस्ट, जोहे
आज केतकी आली, वडिलांबरोबर. दोन दिवस सुट्टी आहे तिला. त्यांची मूर्ती फळीवर, रंग झालेला, डोळे बाकी. वडील दादाशी पितांबराच्या रंगावरून घोळ घालत होते. ती सरळ आत, माझ्या पाटाशी येऊन बसली.
"बाई, अजून एकदा दाखवा ना, नक्की किती होतं ते. सर म्हणतात तीन बोटं करू."
आणि आपली बोटं पुढे केली, मी माप दुरुस्त करावं म्हणून.
भेटली तर सांगायचं म्हणून गाडीत सगळं पाठ केलं होतं. ब्रश वाटीत ठेवला, हात पुसले, आणि दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले. खुर्चीत बसून ठेवतात तसे.
तिला समजावून सांगायची गरज नव्हती.
पलीकडे दादा म्हणत होता, "पिवला नको, केशरी घ्या, उठून दिसंल." मग जवळून, अगदी हळू, "मग बाई, पॉइंट परत खेळायला मिळाला असता."
हो म्हटलं. हात तसेच.
"आणि दोन बोटं?"
मी मान हलवली. नाही म्हणून.
हात काढले तेव्हा ती उठून गेली होती. बाहेर गाडीपाशी उभी, पाठमोरी. उजवा हात हळूहळू हवेत फिरवत होती, स्मॅशचा. आत की रेषेवर, मला इतक्या लांबून कळलं नाही.
तिच्या वडिलांना काहीच माहीत नाही. जाताना म्हणाले, "शनिवारी न्यायला येतो बाई. डोळे तेवढे तुमच्याच हातचे हवेत."
संध्याकाळपर्यंत बाकी सगळे आखून झाले. त्यांची मूर्ती तशीच आहे. वहिनीने विचारलं, ही का ठेवली? म्हटलं, शुक्रवारी करते. शनिवारी ती येते की वडील एकटेच येतात, माहीत नाही.