माझा प्रोब आणि त्यांचा कॅमेरा

३ जून, सोमवार
दवाखान्यात नवं मशीन आलं. डोळ्याला हात न लावता कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, जाडी मोजतं म्हणे. फोटो काढून! फोटोवरून जाडी कळत असती तर माझं लग्नच झालं नसतं. एकोणीस वर्षं मी प्रोबनं मोजतोय. बधिर करणारा थेंब, बुबुळाच्या मधोमध टोक टेकवायचं, आकडा हजर. नवी टेक्निशियन मात्र मशीनपुढे आरतीच ओवाळत होती. कानामागून आली आणि तिखट झाली.

५ जून
चाळीस डोळे दोन्हींनी मोजून तुलना करू, असं मीच डॉक्टरीणबाईंना सुचवलं. एकदाचं होऊन जाऊ दे. ज्यांना प्रोब धरता येत नाही त्यांनाच कॅमेरा लागतो. नाचता येईना अंगण वाकडं.

७ जून, संध्याकाळ
वीस डोळे झाले. माझे आकडे दरवेळी जास्त. म्हणजे कॅमेरा कमी दाखवतो, उघड आहे. टेक्निशियन म्हणाली, काका, जवळचा चष्मा लावून बघा ना. मला स्वच्छ दिसतं. हल्ली अक्षरंच बारीक छापतात.
संकल्प: तिच्याशी कामापुरतंच बोलायचं.

८ जून
लेकीला लेझरनं चष्मा घालवायचाय. कॅमेरा म्हणतो ४७२ मायक्रॉन. एवढ्या पातळ पडद्यावर लेझर नको, नजरेशी खेळ होईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लेक रडली. मी प्रोब टेकवला. ५११, ५३८, ५५२. पटण्यासारखा होता तो ५५२ लिहिला. घरी जाहीर केलं, ऑपरेशन होणार. बायको म्हणाली, डॉक्टरांना विचारा आधी. त्यात काय विचारायचं?

११ जून, दुपार
डॉक्टरीणबाईंनी माझाच प्रोब टेक्निशियनच्या हातात दिला. लेकीचा तोच डोळा. ४७४. ४७३. ४७४. प्रोब फितूर झाला!
मग सगळ्यांदेखत मला टेकवायला लावलं. लेकच म्हणाली, बाबा, तुम्ही कडेला टेकवताय.
कडेला कॉर्निया जाडच असतो. एकोणीस वर्षं हे मीच सगळ्यांना शिकवतोय.

१२ जून
ऑपरेशन रद्द. माझे वीसही डोळे पुन्हा मोजायचे, टेक्निशियनच्या देखरेखीखाली.
लेक रागावली नाही, याचंच जास्त लागलं. मी ५५२ धरून बसलो असतो आणि डॉक्टरीणबाईंनी ऐकलं असतं तर? नको तो विचार.
लेकीनं स्वतःचा चष्मा पुसून घातला आणि माझ्या ताटाशेजारी एक नवी डबी ठेवली. जवळचा, अडीच नंबर. हे तोच लावून लिहितोय. अक्षरं बारीक नव्हती.
घरातला एक चष्मा घालवायला निघालो होतो. एक वाढला.