आईची बाटली परत फळीवर

बाबा,

मुरासेकाकांच्या पार्टीची तयारी झाली आहे. ग्लासांसाठी बर्फाचे बारा गोळे मीच तासले, एकही वाकडा नाही, फिरवून बघ. कॉकटेलसाठी युझू लिंबाच्या साली ओल्या फडक्याखाली आहेत, आलं किसून ठेवलंय.

आता खरं सांगते. काल तू जुन्या बाटल्या उतरवल्यास. गिऱ्हाईक सहा महिने फिरकलं नाही की त्याने विकत घेऊन आपल्याकडे नावानिशी ठेवलेली बाटली सर्वांसाठी उघडायची, हा आपल्या बारचा नियम मला पाठ आहे. पण त्यात आईची व्हिस्की होती, गळ्यात तुझ्याच अक्षरातलं तिचं नाव. ती मावशीकडे साप्पोरोला राहायला गेली म्हणून काय गिऱ्हाईक झाली? मी बाटली परत फळीवर ठेवली आहे. ओरडायचं तर उद्या ओरड.

आणि दुपारी मी तिला फोन केला. "माझी बाटली अजून आहे?" तिने एवढंच विचारलं. मी म्हटलं, "बाबा रोज पुसतो." मी दोनदाच पाहिलंय, पण पुसताना पाहिलंय. आज पावणेसहाच्या गाडीने ये, असंही सांगितलं. ती म्हणाली, "बघते."

पावणेसहाच्या गाडीसाठी स्टेशनवर जातेय. मी एकटीच परतले तर पाहुण्यांसमोर काही विचारू नकोस. ती आलीच, तर तुला बोलायला सुचणार नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. निदान तिचा ग्लास आत्ताच गार करायला ठेव.

नागिसा