खिळ्यावरची किल्ली

प्रिय ठोंब्या,

गुरुजींनी ठेवलेलं हे नाव आता माझ्याशिवाय कुणाला आठवणार? कविता म्हणताना तू अडलास की माझ्याकडे बघायचास, आणि मी नुसते ओठ हलवून पुढची ओळ सांगायचो.

पुढे मी आपल्याच गल्लीच्या चौकीत हवालदार झालो. घरोघरची दुसरी किल्ली माझ्या भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेली असायची. तू चिडवायचास, "चोराला एकच घर फोडावं लागेल, हवालदार!"

तू लेकीकडे गेला होतास. कुणीतरी चुगली केली, साहेबांनी तुझ्या घराची झडती घेतली. खिळ्यावरची किल्ली मीच काढून दिली. सापडलं काहीच नाही. परत आल्यावर उपसलेल्या कपाटापुढे उभा राहून तू म्हणालास, "कुलूप तर शाबूत आहे रे. मग आत शिरलं कोण?" आणि माझ्याकडे बघितलंस, अगदी वर्गातल्यासारखं. मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी एकेक जण येऊन आपापली किल्ली घेऊन गेला. भांडलं कुणीच नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

तू कुलूप बदललंस. जुनी किल्ली मागायला मात्र आला नाहीस. ती अजून माझ्या खिशात आहे. या पत्रासारखीच, तुझ्या दारापर्यंत जाते आणि परत येते.

तुझा,
ओळ न सांगितलेला