आईच्या दंडाचे मिलिमीटर

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी आधी. दोन आठवड्यांत आईचं वजन अडीच किलोनं वाढलं! अंगात ताकद आल्याशिवाय आतड्याचं ऑपरेशन नको, म्हणून सर्जनबाई थांबल्या होत्या. आता तारीख देतील. जेवण अजून चार घासांचंच, पण काटा कशाला खोटं बोलेल? चपला मात्र घट्ट होतात. आई म्हणते, या वयात पाय वाढायला लागले.

खेळाडूंची चरबी मोजून फुरसत मिळाली तर दोन ओळी खरड. आमचा लोभ पाकिटात घातलाय, पोच दे.

तुझी,
मुंगी

९ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

पत्र वाचताना हसलो आणि चपलांपाशी अडखळलो. आईच्या घोट्याजवळ अंगठ्यानं दाबून बघ. खळगा तसाच राहिला, तर वाढलेलं वजन पाण्याचं असेल.

सोबत कॅलिपर, म्हणजे कातडीखालच्या चरबीची घडी मोजायचा चिमटा, पाठवतोय. उजव्या दंडाच्या मागे, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पेनानं खूण कर. आईला हात सैल सोडायला सांग. कातडी आणि खालची चरबी तेवढी चिमटीत धर, स्नायू नको. घडीला चिमटा लावून दोन सेकंदांत आकडा वाच. तीनदा मोज आणि सरासरी काढ. इथे धावपटूंचा आकडा उतरला की मी शाबासकी देतो. तिथे मला चढलेला हवाय.

घाबरू नकोस, पण सर्जनबाईंना लगेच गाठ. आईला नमस्कार, तुला एक धपाटा.

तुझा,
दादा

१७ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खळगा पडला. अंगठा काढला तरी बुजेना. मी मोरीत जाऊन रडले, तोंड धुतलं आणि चिमटा घेतला. पहिल्यांदा स्नायूच पकडला. आई कळवळून म्हणाली, “भाजी निवडतेयस का गं?”

सरासरी आली सात मिलिमीटर. सर्जनबाईंनी आकडा पाहिला, फारच कमी म्हणाल्या, पाय पाहिले आणि आपणही काट्यावर विसंबलो हे सरळ कबूल केलं. नाकातून नळी घालून अन्न द्यायचं म्हणतात. आई ऐकत नाही. मी तिच्यावर आवाज चढवला रे, आयुष्यात पहिल्यांदा. तूच लिही तिला. आता लोभाबरोबर थोडा धीरही धाड.

तुझी,
मुंगी

६ मे

चि. मोठ्यास,
अ. उ. आ.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहितेय, अक्षराला हसू नकोस. नळीला नाही म्हणायचा हक्क तुला आहे, पण कारण नीट सांग, असं तू लिहिलं होतंस. कारण शोधायला बसले, तर लाजेशिवाय काही सापडेना. मग इस्पितळात भरती झाले आणि केलं नाक पुढे.

पायांची सूज उतरली. वजन तीन किलोनं घटलं आणि वॉर्डात सगळे खूश! दंड मात्र सातावरून नऊवर आलाय. सर्जनबाईंनी परवाची तारीख दिली. भीती वाटते, नाही कशाला म्हणू? पण काल जिना चढले, मध्ये न बसता.

एक सांगायचं राहिलं. मुंगी झोपली होती तेव्हा तिचाही दंड मोजला, तू सांगितलंस तसा, तीनदा. अकरा आला. तिच्या वयाला हे कमीच ना? माझं दुखणं काढता काढता पोरगी वाळली आणि आपण दोघांनी पाहिलंच नाही. आजपासून डबा आला की आधी ती जेवते, माझ्यासमोर बसून. कुरकुरते, पण जेवते.

तुझ्यावर माझी माया आहेच, लिहायला कशाला हवं?

तुझी,
आई