पानाएवढ्या वाकळा

बनशंकरी, बेंगळुरू
१८ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
शिवलीलाचा नमस्कार.

आम्ही दोघं ठीक आहोत. गिरीराजची बदली टळली. माझी ऑफिसची बस इलेक्ट्रॉनिक सिटीचा पूल चढायच्या आधीच अर्धा तास अडकते, त्यामुळे रोज वैताग. तू कुंडीत टाकून गेलेली मेथी उगवली. महांतेशअण्णाचा गुडघा कसा आहे? दिव्यश्रीवहिनीची शेंगाचटणी संपत आली, असं तिला सांग.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू "जेवलीस का" विचारतेस, मी "जेवले" म्हणते आणि आपण ठेवून देतो. दोन आठवडे असंच चाललंय.

हे पत्र वहिनी वाचून दाखवणार, म्हणूनच मी मेथी आणि चटणी लिहीत बसले. वहिनी, इथून पुढचं अण्णालाही ऐकू जाईल असं वाच. आई पुरे म्हणाली तरी थांबू नकोस.

मी रोज एक छोटी वाकळ करते हे तुम्हाला माहीत आहे. वहीच्या पानाएवढी. गेल्या ऑगस्टपासून एकही दिवस चुकवला नव्हता. आमच्या शिवणाच्या गटाच्या कौशल्या मॅडमनी नियम घालून दिले होते: आधी चित्र काढायचं नाही, मोजायचं नाही, पिशवीत हात घालून येईल तो तुकडा घ्यायचा, त्याला शेजारचा तुकडा जुळेल तसा लावायचा आणि त्याच दिवशी संपवायचं. बाकीच्या बायकांना हे फार जड जायचं. एकीला तर पट्टीशिवाय कापडाला कात्री लावता येत नव्हती. माझा हात मात्र पहिल्या दिवसापासून सुटा चालला. मॅडम सगळ्यांना माझं काम दाखवायच्या. "बघा, हिला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून हात इतका मोकळा आहे."

पहिल्यांदा त्या असं म्हणाल्या तेव्हा मी नुसती हसले. दुसऱ्यांदाही. नंतर ते खरंच झालं.

खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे. सदलग्यात तू लोकांच्या घरी जाऊन वाकळा शिवायचीस. त्यांच्या जुन्या लुगड्यांच्या ढिगाशेजारी मी चिंध्या निवडत बसायची. निळ्याला कुठला रंग सोसतो ते मी तिथे शिकले. शाळेत पोरी मला चिंधीवालीची म्हणायच्या. एकदा तू सुई-दोऱ्याची पिशवी घेऊन शाळेवरून चाललीस, हाक मारलीस, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मी तेव्हा दहा वर्षांची होते. आज चव्वेचाळीस वर्षांची आहे.

जानेवारीत तू आलीस. मी ऑफिसला गेले की तू माझ्या वाकळा उलट्या करून टाके बघायचीस. हिरव्या-पिवळ्या वाकळेचा कोपरा मला काही केल्या बसेना. तू तो उसवलास, तिरकी चिंधी घालून वळवलास आणि म्हणालीस, "कोपरा दाबायचा न्हाई, त्याला वळू द्यायचं." आमच्या गटाच्या प्रदर्शनात लोक सगळ्यात जास्त वेळ त्याच वाकळेपुढे थांबत होते.

प्रदर्शनाच्या दिवशी तू सकाळपासून तयार होतीस. नवं लुगडं नेसलीस. मी म्हटलं, इरकल नको, सहावारी नेस. तू म्हणालीस, "मला त्यात चालाय येत न्हाई." रिक्षात सगळा वेळ मला तुझं लुगडं आणि कपाळावरचं गोंदण दिसत होतं. हॉलमध्ये मी तुला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. कुणाशी ओळख करून दिली नाही. माझ्या वाकळांखाली कार्ड होतं: शिवलीला, स्वतः शिकलेली. तुला वाचता येत नाही याचं मला त्या दिवशी बरं वाटलं. हेही लिहायलाच हवं.

मग मॅडमची ती पाहुणी आली, पांढऱ्या केसांची. तू उठून हिरव्या-पिवळ्या वाकळेचा कोपरा बोटाने चाचपत होतीस. तिने मला कन्नडमध्ये विचारलं, "इवरु यारू?" या कोण? शेजारी मॅडम उभ्या होत्या. आणि मी म्हणाले, "नम्म मनेगे केलसक्के बरतारे." आमच्या घरी कामाला येतात.

त्या क्षणी मी विसरलेच होते की तुला कन्नड येतं.

पाहुणी तुझ्याकडे वळली आणि पाणी मिळेल का म्हणाली. तू म्हणालीस, "सरी, अम्मा." बरं, बाई. पाणी आणून दिलंस. नंतर मॅडमनी तुला खुर्च्या हलवायला सांगितलं, त्याही हलवल्यास. चहाचे कप गोळा केलेस. मी चार हातांवर उभी होते आणि लोकांना सांगत होते की रंग मला आपोआप सुचतात. तू मला खोटं पाडलं नाहीस. तू माझं खोटं निभावून नेलंस.

घरी आल्यावर म्हणालीस, स्वल्प डोकं दुखतंय. अजून आठ दिवस राहणार होतीस, दुसऱ्याच दिवशी बस धरलीस. मी अडवलं नाही. तू गेलीस तेव्हा मला सुटल्यासारखं झालं, आई.

मग वहिनीचा फोन आला. म्हणाली, सासूबाई सगळ्या गल्लीला सांगतायत, शिवलीलाचं लोकांनी लई कौतुक केलं. त्या दिवसापासून मला वाकळ जमलेली नाही. पिशवीत हात घालते आणि काढून घेते.

गेल्या शनिवारी गटात मी सगळं सांगितलं. मॅडमनी हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मी त्यांना खुर्च्या हलवायला सांगितलं." शलाका म्हणून एक जण आहे, ती म्हणाली, "जाऊ दे गं, आपण सगळेच करतो असं." मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. जाताना मॅडमनी विचारलं, आईंना शिकवायला बोलवशील का, आम्ही सगळ्या येऊ. मी नाही म्हटलं. तुला बोलवायचं तोंड मला राहिलेलं नाही.

माफ कर असं लिहिलं की तू लगेच करशील, म्हणून लिहीत नाही. अण्णा, तुलाही कळू दे, आई लवकर का परतली ते.

मला तिकडे यायचं आहे. येऊ का ते सांग.

शिवलीला

•

सदलगा
२७ फेब्रुवारी २०२५

शिवलीलास,

सासूबाई सांगतात तसंच लिहिते आहे. एक अक्षर बदलायचं नाही, असं त्यांनी मला बजावलंय. — दिव्यश्री

पत्र पोचलं. दिव्यश्रीनं सगळं वाचलं. मी पुरे म्हटलं न्हाई. महांतेश अर्ध्यातनं उठून भाईर गेला, अजून तुझं नाव काढंना. काढंल. त्याला येळ लागतो.

त्या बाईनं पाणी मागितलं, मी दिलं. तान लागलेल्या माणसाला पाणी द्यायला मला कमीपणा वाटत न्हाई. खुर्च्या तर मी लोकांच्या लग्नातबी हलवल्यात. लोकांच्या घरी जाऊन शिवलं त्याचीबी मला लाज न्हाई, त्याच्यावरच तू शिकलीस.

लागलं ते येगळं हाय. मला कन्नड येतं हे विसरले, असं तू लिवलंस. ते खरं न्हाई, पोरी. बोलून झाल्यावर तू माझ्याकडं बघितलंस, मला ऐकू आलं का म्हणून. मी तुझ्याकडंच बघत हुते. मग तू मान फिरवलीस. एवढं सगळं खरं लिवलंस, तेवढंच कशाला झाकलंस?

शाळेच्या भिंतीचं मला ठाव हुतं. ते मी कवाच सोडलं. पोर हुतीस.

हे मी अजून सोडलेलं न्हाई. सोडलं असं खोटं लिवायला सांगणार न्हाई.

कौतुक सांगितलं, कारण कौतुक झालंच हुतं. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

शिवायचं बंद करू नको. माझ्यावरचा राग चिंध्यांवर काढू नको, आन् सोतावरचाबी.

आता यायचं म्हणतीस तर ये. एकटी ये. पुढच्या आठवड्यात चंपाकाकूच्या घरी लगीन हाय, तिच्या दोन मोठ्या वाकळा मला शिवायच्या हायत. चार दिवस माझ्यासंगट तिच्या भाईरच्या सोप्यात बसायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया थांबत्यात. नव्या सुना तुला वळखत न्हाईत. त्या इचारणारच, ही कोण म्हणून.

तवा तू गप ऱ्हायचं. मी काय सांगते ते ऐकायचं.

तुझी आई,
भागुबाई