मुका मका

महाड, १० जून

ती. बाबांस,
अनुपमाचा अंथरुणातूनच नमस्कार. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे, तेव्हा हाच साष्टांग समजून गोड मानून घ्या. वि. वि.

तुमचा फोन वाजून वाजून बंद होतो. परवा उचललात, तर मी विचारलं पाऊस किती आहे, आणि तुम्ही म्हणालात बरं बरं. मग रेंज नाही म्हणून ठेवूनच दिलात. म्हणून हे पत्र वस्तीच्या गाडीने, मोरूकाकांच्या हाती पाठवते आहे. इतकी वर्षं तुमच्या गाडीवर कंडक्टर होते, एवढं तरी न हरवता पोचवतील.

मला सातवा लागला. मागच्या खेपेसारखं व्हायला नको म्हणून झोपून राहायचं फर्मान आहे. विनीत आणि सासूबाई पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. काही खायचं म्हटलं की पोटात ढवळतं. इच्छा होते ती फक्त मक्याच्या लाह्यांची. पण पाकिटातल्या लोण्याचा वास आला की उलटी होते. आई पातेल्यात फोडायची तशा, हळद-मिठाच्या हव्यात. डोहाळे माहेराने पुरवायचे असतात आणि माहेर म्हणजे आता तुम्ही एकटेच. तेव्हा ड्रायव्हरसाहेब, पदर खोचा आणि लागा कामाला.

पाऊस वाढला की खालच्या शाळेत राहायला जात जा हो. वाडीवरचा तो डोंगर मला इथे पडल्या पडल्या दिसतो.

लोभ आहेच, तो डब्यात भरून पाठवावा.
तुमची
अनुपमा


वरची वाडी, शिवथर, १४ जून

चि. सौ. अनुपमास,
पोटातल्या पाहुण्यासकट अनेक आशीर्वाद.

डबा पाठवतो आहे. तुझी आई गेल्यावर मी भात शिकलो, कालवण शिकलो, पण लाह्या काल पहिल्यांदाच फोडल्या. जरा लागल्या आहेत. वरच्या वरच्या तू खा, खालच्या विनीतरावांना दे. जावयाने सासऱ्याच्या हातचं नावं ठेवून खायचं नसतं.

डोंगराची काळजी करू नकोस. तळीये गाव दरडीखाली गेल्यापासून मोठ्या पावसात एक माणूस जागा ठेवायचा, असं वाडीने ठरवलेलं आहे. देवळाच्या ओट्यावर बसायचं आणि डोंगराकडे कान द्यायचा. दगड घरंगळल्याचा, झाड मोडल्याचा आवाज आला की टांगलेल्या लोखंडी रुळावर हातोडीने टोले घालायचे. मग पोरंबाळं घेऊन सगळ्यांनी शाळेत पळायचं. यंदा अंगणवाडीच्या शर्मिलाने पाळ्या लावल्या आणि सगळ्यात मोठ्या पावसाची पाळी मला दिली. सगळ्यांसमोर म्हणाली की कुशाबाकाका बॉनेट न उघडता गाडीचा रोग सांगायचे, डोंगराचा पन सांगतील. मला भरून आलं. एसटी सुटल्यापासून असा मान कुणी दिला नव्हता. वाडी माझ्या कानावर झोपते, गो.

तू नीट पडून राहा. फोन करत जाऊ नकोस, रेंजचं काही खरं नाही. पत्रच बरं.

कृपादृष्टी देवाची आहेच, तू डॉक्टरांची ठेव.
तुझा
बाबा


महाड, १८ जून

ती. बाबांस,
कृतज्ञ पण उपाशी मुलीचा नमस्कार. वि. वि.

डबा उघडला आणि घरभर धूर झाल्यासारखा वास सुटला. विनीत म्हणाले, बाबांनी गॅसवर केल्या की डेपोच्या भट्टीत? सासूबाईंनी मात्र वेचून वेचून चार पांढऱ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. तेवढ्या खाल्ल्या आणि पहिल्यांदा काही पोटात टिकलं. म्हणून चिडवते आहे, पण परत पाठवाच.

आता आईची रीत ऐका. कढई नको, जाड बुडाचं पातेलं घ्या. शेंगदाण्याचं तेल बूड झाकेल एवढं, आणि त्यात आधी दोन-तीनच दाणे टाका. ते फुटले की तेल तापलं. मग बारीक कुटलेलं मीठ, हळद, आणि मका एका थराइतकाच, जास्त हावरटपणा नको. झाकण किंचित तिरपं ठेवा, वाफ कोंडली की लाही चिवट होते. पातेलं मधून मधून हलवत राहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कान द्या. आधी नुसता तडतडाट होतो. मग तो विरळ होतो. दोन लाह्यांच्या मध्ये श्वास घेता येईल एवढी शांतता पडली की पातेलं लगेच खाली. राहिलेल्या दाण्यांचा मोह धरला की तळ जळतो. गिअर बॉक्सची कुरकुर फर्लांगभरावरून ऐकणाऱ्याला याहून सोपं काय असणार?

लोभ वाढवावा, आच मात्र कमी करावी.
तुमची
अनुपमा


वरची वाडी, २३ जून

चि. सौ. अनुपमास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राबरहुकूम सगळं केलं. जाड पातेलं शेजारच्या जानकीकडून मागून आणलं. वर आपली लसणीची सुकी चटणी तेलात परतून भुरभुरली, म्हणजे तोंडाला चव येईल. पण पुन्हा तळ करपला. यात माझी चूक नाही. दुकानदाराने फसवलं. हा मका मुका आहे.

हसू नकोस. मी पातेल्यापाशी खुर्ची घेऊन बसलो होतो. तडतडाट होईल, मग विरळ होईल, म्हणून वाट बघत राहिलो. काही नाही. झाकण उचललं तर टपोरी लाही उडून कपाळावर बसली. फुटतात चांगल्या, पण आवाज नाही. हल्लीच्या बियाण्यात काय काय घालतात कोण जाणे. सगळंच बदललं आहे. जानकीचा कोंबडा यंदा आरवायचा बंद झाला. पत्र्यावरचा पाऊससुद्धा पूर्वीसारखा बडवत नाही.

तुझी खात्री पटावी म्हणून त्याच पुडीतला मूठभर कच्चा मका मोरूजवळ दिला आहे. करून बघ.

येत्या शुक्रवारी मोठा पाऊस सांगितला आहे. पाळी माझीच आहे.

आशीर्वाद आहेतच, लाह्यांचं मागाहून बघू.
तुझा
बाबा


महाड, २५ जून

ती. बाबांस,
नमस्कार.

आज चिडवत नाही. तुम्ही पाठवलेला मका सासूबाईंनी आल्या आल्या पातेल्यात टाकला. मी इथे आतल्या खोलीत, दार लोटलेलं, आणि तो एवढा वाजला की माझ्या पायाशी झोपलेली मांजर उडी मारून पळाली.

बाबा, मका मुका नाही.

मी खूप रडले. आधी तुमच्यासाठी, मग भीतीने. तुम्ही फोनवर बरं बरं का म्हणता, पत्रच बरं का म्हणता, ते मला आता कळलं. रेंजला उगाच दोष दिला. तुम्हाला हे ठाऊक होतं की नव्हतं, ते मी विचारत नाही. पण जानकीकाकूंचा कोंबडा आरवतो आहे, पाऊसही तसाच बडवतो आहे, आणि शुक्रवारी डोंगराकडून काही आवाज आला तर तो तुमच्यापर्यंत पोचणार नाही. सगळी वाडी मात्र निर्धास्त झोपलेली असेल, कारण ओट्यावर कुशाबाकाका आहेत.

शर्मिलाला मी आत्ता फोन लावू शकते. पण तुमच्या मानाची गोष्ट तुमच्या पाठीमागे सांगायला मन धजत नाही. शुक्रवारच्या आत तुम्हीच सांगा. नाहीतर शुक्रवारी सकाळी मी सांगेन, मग माझ्याशी जन्मभर अबोला धरलात तरी चालेल. एक जीव मी आधीच घालवून बसले आहे. तुम्ही मला हवे आहात.

राग धरा, पण लोभ सोडू नका.
अनुपमा


वरची वाडी, ३० जून

चि. सौ. अनुपमास,
मनापासून आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी तुझा राग आला. ड्रायव्हरच्या कानावर शंका घेतेस म्हणून तणतणत जानकीच्या अंगणात गेलो, कोंबडा दाखवून तुझं तोंड बंद करावं म्हणून. कोंबडा कुंपणावर उभा होता. मान ताणत होता, चोच उघडत होता, मिटत होता. मी बघत उभा राहिलो. जानकीला विचारलं की हा काय करतोय, तर ती माझ्याकडे बघून हसली आणि मग हसायची थांबली.

गुरुवारी दुपारीच शर्मिलाला आणि सगळ्या वाडीला देवळापाशी बोलावलं. सांगायला तोंड उघडेना. तेव्हा जानकीची शेगडी ओट्यावर आणली, पातेलं ठेवलं, मका टाकला, आणि म्हणालो की आवाज थांबला की मी उतरवतो, तुम्ही कुणी हात लावायचा नाही. पोरं आधी टाळ्या पिटत होती. मग थांबली. सगळे पातेल्याकडे बघत होते, मग हळूहळू माझ्याकडे बघायला लागले. धूर यायला लागला. मी हात मांडीवर ठेवून बसून होतो. कुणी काही बोललं असेल तर मला ठाऊक नाही. शेवटी जानकीने पदराने धरून पातेलं खाली घेतलं, आणि शर्मिलाने रुळाची हातोडी माझ्या बाजूची उचलून आपल्या बाजूला ठेवली. डोळे पुसत होती. काका, असूं दे, म्हणाली असावी. ओठ तसे हलले.

शुक्रवारच्या पावसात शर्मिला आणि तिचा नवरा बसले. काही झालं नाही, पण लोक शाळेतच झोपले. मी पण. डोंगर सुटायच्या आधी ओढा एकाएकी गढूळतो, तेव्हा मला दिवसा ओढ्याचं पाणी गढूळ होतंय का ते बघायचं काम दिलं आहे. डोळे अजून चांगले आहेत. पण मान गेला तो लागला, तुझ्यापासून लपवत नाही.

सोमवारी मोरू मला कानाच्या डॉक्टरकडे महाडला आणणार आहे. तेव्हा तुला बघून जाईन. डबा सोबत देतो आहे, उघडून बघ. पातेल्याच्या कानाला फडकं गुंडाळून त्यावर हात ठेवला, की प्रत्येक लाही बोटांना कळते. बोटं शांत झाली की उतरवतो. एकही करपलेली नाही.

एक मागणं आहे. बाळ आलं की फोन लावून त्याचं रडणं ऐकवू नकोस. मी बरं बरं म्हणेन आणि तुला वाटेल ऐकलं. बारीक रडतं की भसाडं, थांबून थांबून की एका दमात, सगळं तू नीट ऐक आणि मला लिहून पाठव.

वाट बघणारा
बाबा